पळसाचा बाप

कळंबच्या खोलीला कुलूप घालून वैष्णवी निघाली तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा अंगाचं वेटोळं करून झोपलेली होती. पायात सरावाचे बूट, पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि घडी घातलेलं रिकामं पोतं. बूट वनरक्षकाच्या भरतीसाठी होते आणि पोतं बापाच्या क्रियाकर्मासाठी. एका फेरीत दोन कामं उरकायची अक्कल तिची नव्हे, तिच्या चुलत्याची, बब्रुवानतात्यांची. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता.

"आगं, तू रोज पहाटं चालतीसच की. उद्या गावाकडंच चालत ये. तुजा सराव बी हुईल आन् येताना टेकडीवरून पळसाची पानं बी येतील. गुरुजींनी पोतंभर सांगितल्यात."

तात्यांचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. वैष्णवी लेखी परीक्षा पास झाली होती, धावण्यात पास झाली होती. आता एकच चाचणी राहिली होती, सोळा किलोमीटर चार तासांत चालून दाखवायचं. ती पुढच्या आठवड्यात होती. कळंबपासून येरमाळ्याच्या अलीकडच्या तिच्या गावापर्यंतचा रस्ताही जवळजवळ तेवढाच भरायचा. देवानं अंतर मापून दिलं होतं म्हणा ना.

आता क्रियाकर्माचं. वैष्णवीचा बाप वैजनाथ बारा वर्षांपूर्वी कांद्याचा ट्रक घेऊन हैदराबादकडं गेला तो गेलाच. मालकाचा ट्रक परत आला, ड्रायव्हर आला नाही. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही तर तो मेला असं धरून चालतात. देह तर नसतो. मग दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला नारळाचं डोकं लावायचं, त्या पुतळ्याला त्या माणसाचं नाव द्यायचं आणि रीतसर अग्नी द्यायचा. मग दहावं, तेरावं, सगळं आलं. तात्यांच्या पोराचं, कृष्णराजचं, लग्न जमता जमेना, तेव्हा कुणीतरी सांगितलं की घरात एक माणूस अडकून पडलाय, आधी त्याला वाटेला लावा. तात्या कामाला लागले. तुळजापूरच्या अंबादास गुरुजींनी दिवस काढून दिला.

आणि आज, त्या पुतळ्यासमोर, वैष्णवीच्या आईचं कुंकू पुसलं जाणार होतं.

हे सगळं रीतीला धरूनच होतं. अडचण एवढीच होती की वैजनाथ जिवंत होता, आणि अख्ख्या गावात ही गोष्ट एकट्या वैष्णवीला ठाऊक होती. वैशाखापासून ती हे पोटात घेऊन हिंडत होती. सांगावं तर आई नवऱ्यानं टाकलेली बाई ठरते. न सांगावं तर जित्या नवऱ्याची विधवा. यातलं कुठलं बरं, हे ठरवायला तिच्याकडं आता रस्ता संपेपर्यंतचाच वेळ उरला होता.

कळंब मागं पडलं. थंडी चांगलीच होती. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच ज्वारी, आणि डांबरावर उसाच्या ट्रॉल्यांतून सांडलेली वाडी, हिरवे शेंडे. वैष्णवीनं पाय लांब टाकायला सुरुवात केली. भरतीच्या अकादमीतल्या सरांनी शिकवलं होतं की चालताना पळायचं नाही आणि थांबायचंही नाही, डोकं रिकामं ठेवायचं. डोकं रिकामं ठेवायचं म्हणे! सरांचा बाप घरी असावा.

वैशाखात तिची मैत्रीण शिवांजली हिचं मुरूमला लग्न होतं. अकादमीतल्या सात-आठ पोरी जीप करून गेल्या. उमरग्याच्या अलीकडं हायवेवर जीपचं चाक बसलं. शेजारीच पंक्चरचं दुकान होतं, दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक टायर टांगलेला. पोरी उसाचा रस प्यायला गेल्या आणि वैष्णवी सावलीला तिथंच थांबली.

पंक्चरवाल्यानं ट्यूब टपात बुडवली, बाहेर काढली आणि ओली ट्यूब फिरवत फिरवत आपल्या गालाजवळ नेली. जिथून वारा लागेल तिथं छिद्र. वैष्णवी एक पाऊल पुढं आली. तिच्या लहानपणीच्या सायकलचं पंक्चर असंच काढलं जायचं, आणि वारा कुठून येतो ते तिच्याही गालाला लावून दाखवलं जायचं. तिनं नीट पाहिलं. डाव्या भुवईतून बैलाच्या शिंगाची तीच जुनी खोक गेली होती.

"अण्णा?"

ट्यूब टपात पडली. त्यानं 'कोण?' असं विचारलं नाही. तिथंच सगळं कळलं.

"लई मोठी झालीस," तो म्हणाला. मान वर केली नाही.

"माय अजून वाट बघतीया."

"तिला सांगू नको."

"का गेलाव तुमी?"

खून केला होता, दरोडा घातला होता, वेड लागलं होतं असं काही सांगितलं असतं तर पोरीला धरायला काहीतरी मिळालं असतं. तो नुसता पाण्यात हात फिरवत राहिला.

"हितं बी काय सोनं लागलं न्हाय, बाई," शेवटी तो म्हणाला. "कुठं बी जावा, पळसाला पानं तीनच."

एवढ्यात आठ-नऊ वर्षांची एक पोरगी डबा घेऊन आली आणि "अप्पा" म्हणून त्याच्या पाठीला लगटली. मागच्या खोलीतून एक बाई कानडीत काहीतरी ओरडली. "हां इरम्मा," म्हणून त्यानंही कानडीतच उत्तर दिलं, सराईत माणसासारखं. मग त्यानं पहिल्यांदा वैष्णवीकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मला मेलेलाच समज."

पंक्चरचे पैसे त्यानं घेतले नाहीत. जीपचा ड्रायव्हर मुरूम येईपर्यंत सांगत होता, देवमाणूस आहे म्हणून.

देवमाणूस! वैष्णवीनं पावलाचा वेग वाढवला. मागून ट्रॅक्टर येत होता, उसाच्या दोन ट्रॉल्या रिकाम्या करून. टेपवर कसलंतरी ढिनच्याक गाणं एवढ्या मोठ्यानं चाललं होतं की उसातली डुकरं उठावीत. ट्रॅक्टर तिच्या बरोबरीला येऊन हळू झाला.

"काय ताई, येडाईला नवस फेडायला निघालाव काय? बसा की ट्रॉलीत, सोडतो येरमाळ्याला."

"नको. चालतच जायचंय."

"एवढा कसला नवस म्हणायचा!"

"बापाचं कार्य हाय," वैष्णवी म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं.

ड्रायव्हरनं पटकन हात घालून टेप बंद केला. डोक्याची टोपी काढली. "माफ करा ताई," म्हणाला आणि गाणं बंद ठेवूनच पुढं गेला. दिवा दिसेनासा होईपर्यंत त्यानं ते पुन्हा लावलं नाही.

वैष्णवीला नवल वाटलं. बारा वर्षांत बापाविषयी बोलल्यावर कुणी टोपी काढल्याचं तिला आठवत नव्हतं. शाळेत, अकादमीत, 'वडील काय करतात?' या प्रश्नाला 'बेपत्ता आहेत' म्हटलं की समोरच्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं. बायका तर तोंडावर विचारायच्या, भांडण झालं होतं का गं घरात? आईचं तर विचारूच नका. कडूबाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. पण हळदीकुंकवाला तिच्यापाशी आल्यावर बायकांचं बोट जरा अडखळायचं. लावावं की नाही? लग्नात हळद दळायला पाच सवाष्णी लागल्या की चार सापडायच्या, कडूबाई समोर उभी असायची आणि पाचवीला शेजारच्या गल्लीतून हाक मारून आणायचे. तरी ती दर मंगळवारी उपास धरायची. कुठं बेवारस प्रेत सापडलं असं कळलं की तात्यांना घेऊन बघायला जायची, लातूरला, सोलापूरला. परत आली की अंघोळ करायची, कुंकू लावायची आणि म्हणायची, "न्हाय, त्यो न्हवता."

उजाडायच्या बेताला टेकड्या दिसायला लागल्या. पलीकडं येडाईच्या, म्हणजे येडेश्वरी देवीच्या, डोंगरावरचा दिवा अजून जळत होता. रस्ता सोडून वैष्णवी उतारावर चढली आणि पोतं उघडलं. पळस इथं हवा तेवढा. ती वनरक्षक होणार होती, झाडं तिला नावानिशी ठाऊक होती. पण पळसाची पानं तोडताना आज पहिल्यांदा तिचे हात कचरले. एका देठाला तीन पानं. दुसऱ्या देठाला तीन. कुठं बी जावा. बापानं ते किती सहज म्हटलं होतं, आणि तिला मात्र आता त्याचेच हातपाय एकेक देठ करून गोळा करायचे होते.

फोन वाजला. तात्या.

"पानं घेतलीस का? कवळी घिऊ नको, गुरुजी म्हणत्यात जून लागत्यात. आन् लवकर ये."

"तात्या, नसतील मिळाली तर?"

"नसाया काय झालं? पळसाला काय दुष्काळ हाय का? न्हायतर किसनाला गाडीवर पाठवतो की."

झालं. पोतं रिकामं नेलं तरी पुतळा होणारच. वैष्णवीनं पोतं गच्च भरलं, तोंड बांधलं आणि खांद्यावर टाकलं. उतरताना तिला स्वतःचा भयंकर राग आला. सहा महिने गप्प बसून तिनं काय केलं होतं? बापानं 'सांगू नको' म्हटलं आणि हिनं आज्ञाधारक लेकीसारखं ऐकलं. ज्यानं बारा वर्षांत एक फोन केला नाही त्याचा शब्द पाळला, आणि जिनं जन्म दिला, वाढवलं, तिला मढी बघत फिरू दिलं. आईला सांगायचं, तिथंच ठरलं. मग जे व्हायचं ते होवो. उरलेला रस्ता ती ओझ्यासकट अशी चालली की चाचणी घेणारा साहेब असता तर त्यानं तिथंच सही केली असती.

घरासमोर माणसं जमली होती. पुरुष ओट्यावर गप्प बसलेले, बायका आत. गावाच्या ग्रामपंचायतीत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव झाला होता, तो शाळेच्या भिंतीवर रंगवलेलाही होता. ठराव भिंतीवर राहिला आणि मारुतीच्या पारावरून दोन म्हाताऱ्या बांगड्या फोडायला आपणहून आल्या होत्या. वैष्णवीनं पोतं तात्यांच्या पुढ्यात टाकलं आणि आईला शोधत मागं गेली.

कडूबाई गोठ्यात म्हशीपाशी बसली होती. डोक्यावरून नाहून, केस मोकळे, नवी हिरवी साडी. शेवटची हिरवी साडी म्हणून जावेनं नेसवली होती.

"आलीस? पाय दुखायले का?"

"माय, एक सांगायचंय. कुणाला बोलू नको." वैष्णवी खाली बसली. श्वास अजून जागेवर नव्हता. "अण्णा जित्ते हायेत. उमरग्याला. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. बोलले मी."

कडूबाई म्हशीच्या कासेकडं बघत राहिली. ओट्यावर गुरुजींनी पानं मोजायला सुरुवात केली होती, तेवढा आवाज येत होता.

"कसा हाय?" तिनं विचारलं.

"बरे हायेत. पंक्चर काढत्यात."

"वाळलाय का?"

"न्हाय."

"पोटाचं दुखणं हुतं त्याला. तिखट सोसायचं न्हाय." मग म्हशीपुढं वैरण सारत, "एकलाच हाय?"

वैष्णवीला खोटं बोलता आलं असतं. पण सोळा किलोमीटर चालून ती खोटं बोलायला आली नव्हती. "बाई हाय. एक लेकरू हाय."

"केवढं?"

"आठ-नऊ वर्सांचं."

कडूबाईच्या ओठांची हालचाल झाली. ती मागं मागं मोजत गेली आणि एका जागी थांबली. "म्हंजी सोलापूरला रुळावरचं मढं बघाया गेले हुते... बिनडोक्याचं... त्याच्या पायाची बोटं म्या हातात धरून बघितली हुती. तवा ह्याच्या घरी पाळणा हालत हुता."

"माय, तात्यांना सांगू. हे सगळं थांबवू. चल."

वैष्णवीनं तिचा हात धरून ओढला. हात आला, बाई जागची हलली नाही.

"थांबवून काय करू?" कडूबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "गावाला काय सांगू? नवऱ्यानं टाकलं म्हणू? बारा वर्सं मंगळवार धरले ते कुणासाठी म्हणू? आगं, मेला म्हणलं तर लोक माझ्यासंगं रडत्याल. टाकलं म्हणलं तर हसत्याल. म्या हसू झेललं की बारा वर्सं. आता जरा रडू दे मला लोकात बसून."

वैष्णवीला त्या ट्रॅक्टरवाल्याची टोपी आठवली. ती आईच्या मांडीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, बांगड्या वाजत राहिल्या.

ओढ्याच्या काठावर पुतळा मांडला. पानांचे हात, पानांचे पाय, दर्भाचं अंग, नारळाचं डोकं. वरून पांढरं कापड. अंबादास गुरुजी मन लावून काम करत होते. त्यांनी नाव-गोत्र उच्चारलं तेव्हा चार म्हाताऱ्यांनी पदर डोळ्याला लावला. मग दगडावर बांगड्या वाढवल्या. त्याचा आवाज वैष्णवीनं दुसरीकडं बघून ऐकला. कपाळ पुसायला एक म्हातारी पुढं झाली तेव्हा कडूबाईनं तिचा हात बाजूला केला आणि पदराच्या टोकानं स्वतःच स्वतःचं कुंकू पुसलं. एकदा पुसून गेलं नाही म्हणून पुन्हा पुसलं. इतकी वर्षं एकाच जागी लावून तिथं कातडी पांढरी पडली होती.

तात्यांनी कृष्णराजला पुढं बोलावलं. "ये रं किसना, आग्नी दे."

"किसना नको," कडूबाई म्हणाली. "वैष्णवी दील."

"आगं पर पोरगा असताना पोरीनं..." तात्या गुरुजींकडं बघायला लागले. गुरुजी म्हणाले, चालतं, लेक आहे त्यांची.

वैष्णवी पुतळ्यापासून दोन पावलं मागं सरली. कडूबाई तिच्याजवळ आली, तिच्या हातात पेटती काडी दिली आणि कानाशी म्हणाली, "ह्यांना समद्यांना पुतळा जाळायचाय. बाप जाळायचाय त्यो तुला एकलीला. तूच दे."

मला मेलेलाच समज. वैष्णवीनं काडी पानांना लावली. जून पानं आधी धुमसली, मग एकदम भडकली. थोड्या वेळानं नारळ फुटला, आणि त्या आवाजासरशी कडूबाईनं असा हंबरडा फोडला की ओढ्यापलीकडच्या शेतातली माणसं काम टाकून उभी राहिली. बायका धावल्या. ज्यांचं बोट अडखळायचं त्याच बायकांनी तिला मिठीत घेतलं, तिच्या गळ्यात पडून रडल्या. ते रडणं खरं होतं. कडूबाईचंही खरं होतं, सगळ्यांत खरं तिचंच.

"चला आता," गुरुजी म्हणाले. "कुणी मागं वळून बघायचं नाही."

माणसं एका ओळीनं गावाकडं निघाली. तात्या वैष्णवीच्या शेजारून चालायला लागले. "तेराव्यापतूर घर सोडायचं न्हाय. तुजी ती चालायची परीक्षा ऱ्हाऊ दे ह्या खेपंला. सुतक हाय."

"ती जाईल," पुढून कडूबाई म्हणाली.

"वहिनी, आवं सुतकात..."

"जाईल म्हणलं की, भावजी." तिनं कधी तात्यांपुढं आवाज काढला नव्हता. तात्या दचकून मागं राहिले. मग कडूबाईनं चाल मंद केली, वैष्णवीला बरोबर येऊ दिलं, आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "सुतक मेल्या माणसाचं असतंय. तू जा."

दोघी चालत राहिल्या. चिंचेपाशी वाट वळते आणि तिथून फाटा दिसतो, जिथं एसट्या थांबतात. तिथं आल्यावर कडूबाई थबकली आणि मागं वळली. जळणाऱ्या पुतळ्याकडं तिनं पाहिलंही नाही. ती फाट्याकडं बघत होती. एक एसटी येऊन थांबली होती, दोन माणसं उतरत होती.

"माय, मागं बघू नको. गुरुजी काय म्हणले?"

कडूबाईनं मान फिरवली. मोकळ्या हातानं पदर पुढं ओढून घेतला.

"बघायचं न्हवतं गं," ती म्हणाली. "मानंला सवय लागलीया."